उलट्या आकाशाखालीं

परभणी जिल्ह्यांतील सेलू हें गांव विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें साडेएकोणीस अंशांवर वसलें आहे. जवळजवळ तितक्याच अंतरावर, पण विषुववृत्ताच्या दक्षिणेस, हिंदी महासागरांत मॉरिशस बेट आहे. हा प्रवास आज विमानानें कांहीं तासांचाच. परंतु तेथें उतरणाऱ्यास पहिल्या दिवशीं जें दिसतें, तें विचार करण्याजोगें आहे.

सेलूचा एखादा गृहस्थ भाद्रपदांत, गणपतीच्या दिवसांत, तिकडे गेला असें समजूं. ओलीं शेतें, वाढती कपाशी आणि भरून आलेलें आभाळ मागें ठेवून तो निघालेला असतो. तेथें मात्र हिवाळा नुकता सरत असतो. हवा बरीच कोरडी, आणि जिकडेतिकडे ऊसतोड चाललेली. मराठवाड्यांत उसाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास उघडतो. तेथें तो जूनमध्येंच सुरू होतो.

सकाळीं सूर्य पूर्वेसच उगवतो. तेवढ्यावरून सर्व यथास्थित आहे असें वाटावें, तों तो उजवीकडे न कलतां डावीकडे कलूं लागतो आणि माध्यान्हीं उत्तरेस दिसतो! सेलूस या महिन्यांत तो दक्षिणेस असतो. त्याची चाल देवाच्या प्रदक्षिणेसारखी उजवी असते. येथें ती डावी. सावलीवरून दिशा ओळखणारा शेतकरी उत्तरेस दक्षिण समजून बसेल.

रात्रीं तर आश्चर्याची परिसीमा होते. सेलूच्या उत्तर क्षितिजावर सुमारें वीस अंश उंच दिसणारा ध्रुव तेथें क्षितिजाखालीं गेलेला असतो. लहानपणापासून ज्याचें अढळपद ऐकलें, तोच दिसेनासा होतो; आणि दक्षिण ध्रुवबिंदूपाशीं त्याच्या जोडीचा ठळक तारा नाहीं. उलट, सेलूहून वैशाखांत क्षितिजाशीं कसाबसा दिसणारा त्रिशंकू संध्याकाळीं नैर्ऋत्येस चांगला वर असतो. अनंत चतुर्दशीच्या रात्रीं चंद्र माथ्याकडे येतो, तेव्हां त्यावरील ससाही उलटा दिसतो.

वास्तविक उलटा ना ससा, ना आकाश. पृथ्वी गोल आहे, आणि 'खालीं' म्हणजे तिच्या मध्याकडे. उभें राहण्याची जागा बदलली, एवढेंच.

हें ज्ञान पुस्तकांतून न मिळालेलीं माणसेंही येथें आलीं होतीं. सन १८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून भारतांतून जे सुमारें साडेचार लाख लोक मॉरिशसला गेले, त्यांत मराठी माणसेंही होतीं, बहुतेक कोंकणांतलीं. पोर्ट लुई बंदरांतील ज्या घाटाच्या पायऱ्या असे मजूर चढले, तो 'आप्रवासी घाट' २००६ सालीं जागतिक वारसास्थान ठरला. उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या त्या लोकांचे ऋतु हरवले होते. थंडींत उष्णता देणारा तिळगूळ ऐन उन्हाळ्यांत, वादळांच्या दिवसांत खावा लागे; उत्तरायण लागलें म्हणजे दिवस मोठा होण्याऐवजीं लहान होऊं लागे!

मग त्यांनीं धरलें काय? तिथि. ऋतु गोलार्धागणिक बदलतो. परंतु चंद्राची वाढ व घट साऱ्या पृथ्वीस एकच. शुद्ध चतुर्थी सेलूस असते, तशीच तेथेंही. त्या एका मोजणीवर त्यांनीं आपला गणपति राखला, आणि आज गणेश चतुर्थीस मॉरिशसमध्यें सार्वजनिक सुटी असते.

म्हणून दिवसभर दिशांचा गोंधळ सोसलेला सेलूचा गृहस्थ सायंकाळीं एखाद्या घरासमोर थबकतो. आंत आरती चाललेली असते. उच्चारांत क्रिओल भाषेची झांक, पण शब्द ओळखीचे. तेथें त्यास दिशा विचारावी लागत नाहीं.

परत आल्यावर तो उत्तरेस ध्रुव पाहील. तारा तोच असेल. मात्र तो सर्वांना दिसत नाहीं, हें त्यास आतां ठाऊक असेल.