मत वेगळे, विहार एकच

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



निवडणूक आली की आपल्या वस्तीतली घरे वाटली जातात. कोणी हत्तीवाला, कोणी पंजावाला, कोणी ह्या गटाचा तर कोणी त्या गटाचा. एका निवडणुकीनंतर मी माझ्या चुलतभावाशी वर्षभर बोललो नाही. काकू वारल्या तेव्हा मयतीत समोरासमोर आलो. तो एवढंच म्हणाला, "दादा, इलेक्शन तं कवाच सरली. तू कायले रुसून आहेस?" मला उत्तर देता आलं नाही.

आपल्या भंडाऱ्याचीच गोष्ट घ्या. १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत बाबासाहेब येथून उभे होते. दोन जागा, एक राखीव, एक सर्वसाधारण. प्रत्येक मतदाराला दोन मते. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता सोबत होते. पक्ष वेगळा, विचार वेगळा. जुनी माणसे सांगतात, काही कार्यकर्ते म्हणत होते की दुसरे मत कोणालाच देऊ नये, कुजवावे. बाबासाहेबांनी ते मानले नाही. मेहता निवडून आले आणि बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. हार पत्करली, पण शब्द मोडला नाही. आणि आपण? मत वेगळे म्हणून भावाच्या घरचं पाणीही पीत नाही!

कोसंबीला भिक्खूंमध्ये भांडण झाले. कारण काय? भांड्यात उरलेले थोडे पाणी. दोन तट पडले. भगवंतांनी समजावले, तरी ऐकेनात. शेवटी ते एकटे वनात निघून गेले. मग जागे झाले कोण? गावातले उपासक. त्यांनी भिक्षा देणे बंद केले, तेव्हा कुठे भिक्खू नमले आणि श्रावस्तीला जाऊन त्यांनी क्षमा मागितली. म्हणजे तंटा मिटवण्याची ताकद साध्या संसारी माणसांत आहे, विशेषतः आपल्या आयाबहिणींत आहे.

म्हणून माझी हात जोडून विनंती आहे. प्रचार जोरात करा, वाद घाला, पण समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घ्या. विचारावर बोला, त्याच्या घरावर, बायकापोरांवर नको. सम्यक वाचा आपण रविवारी वंदनेत म्हणतो, ती सोमवारी पानठेल्यावरही पाळा. पक्षाचा झेंडा विहाराबाहेर ठेवा. आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी जो जिंकला त्याने हरलेल्याच्या घरी आधी जावे, चहा मागून प्यावा.

मी आता चुलतभावाकडे जातो. मत आजही वेगळंच देतो. पण काकू असताना गेलो असतो, तर बरं झालं असतं.

जयभीम! नमो बुद्धाय!