किल्ली कुणाच्या खिशात?



गेल्या महिन्यात सकाळी सकाळी माझ्या मोबाइलवर एक निरोप आला, 'तुमची जागा संपली आहे.' माझे वय छप्पन्न. या वयात असा निरोप वाचला की माणूस क्षणभर दचकतोच. मग लक्षात आले, जागा फोटो ठेवायची संपली होती, माझी नव्हे.

माझा भाचा पुण्यात संगणक अभियंता आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "मामू, महिन्याचे थोडे पैसे भरा आणि सगळं क्लाउडमध्ये टाकून द्या." क्लाउड म्हणजे ढग. आता आम्ही यवतमाळची माणसे. मृगात आभाळाकडे बघून सरकी टोबायची आणि पावसाने दडी मारली की पुन्हा टोबायची, हे आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांचे. ढगाच्या भरवशाची किंमत आम्हाला कुणी शिकवायला नको!

हा संगणकाचा ढग मुळात आभाळात नसतोच. दूर कुठेतरी एखाद्या मोठ्या इमारतीत हजारो संगणक रात्रंदिवस चालू असतात, त्यांना थंड ठेवायला यंत्रे गरगरत असतात, आणि त्यातल्या एका कोपऱ्यात आपल्या नातवाचा फोटो असतो. थोडक्यात, आपला कापूस दुसऱ्याच्या गोदामात. गोदाम वाईट नसते. पण भाडे आणि नियम गोदामवाला ठरवतो. गूगलने फोटो ठेवायला अमर्याद जागा फुकट दिली होती, ती सवलत १ जून २०२१ पासून बंद केली. तोवर लोकांचे आयुष्य आत जाऊन बसले होते. आधी फुकट, मग सवय, मग भाडे, ही या धंद्याची रीत आहे.

मी काही संगणकाचा जाणकार नाही. बी.ए. मराठी झालो आणि जिनिंगमध्ये हिशेबाच्या वह्या लिहायला लागलो. कविता रात्री लिहायचो. पण एकदा या यंत्राने माझे असे काही नेले की त्यानंतर मी या विषयाचा विचार करायला लागलो. तेच आज सांगणार आहे.

माझी अम्मी पहाटे जात्यावर गाणी म्हणायची. अर्धी मराठी, अर्धी आमच्या घरच्या बोलीतली. दळण गिरणीत जायला लागले आणि गाणी थांबली. २००२ साली मी तिला समोर बसवून साठ गाणी कागदावर उतरवून घेतली. त्या वेळी गावोगावी टंकलेखनाची दुकाने निघाली होती. तिथे पैसे मोजून सगळी गाणी संगणकावर उतरवून घेतली, फ्लॉपीवर एक प्रत आणि सीडीवर एक प्रत. दुकानदार म्हणाला, "आता शंभर वर्षं बघायला नको." माझा इतका विश्वास बसला की घर बदलताना मूळ कागद मी रद्दीत घातले. कागद पिवळे पडले होते, आणि गाणी तर आता 'संगणकात' होती!

२००९ साली अम्मी गेली. पुढे काही वर्षांनी पुस्तक करायचे मनात आले, म्हणून डबा उघडला. फ्लॉपीवर पावसाळ्याची बुरशी चढली होती. नसती चढली तरी उपयोग नव्हता, कारण फ्लॉपी घालायची खाचच नव्या संगणकांतून गेली होती. सीडी उघडली, पण पडद्यावर अम्मी नव्हती. इंग्रजी अक्षरे, कंस, उद्गारचिन्हे यांची नुसती खिचडी होती.

असे का झाले, ते भाच्याने समजावले. संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. इंग्रजी कॅपिटल 'ए'चा क्रमांक ६५. त्या काळी मराठी फॉन्ट विकणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांवर मराठी अक्षरांची चित्रे बसवली होती. आत इंग्रजी 'ए', वर चित्र मराठी अक्षराचे. शिवाय प्रत्येक कंपनीची बसवणी वेगळी. ज्याच्याकडे तो फॉन्ट, त्यालाच मजकूर दिसणार. फॉन्ट गेला की वरचे चित्र गेले, खाली उरली खिचडी. वास्तविक जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी युनिकोडची पद्धत १९९१ सालीच आली होती. तीत आपल्या 'क'चा क्रमांक २३२५, आणि तो इथे, पुण्यात, लंडनमध्ये सगळीकडे तोच. पण दुकानापर्यंत ती यायला फार वर्षे लागली. आजही कित्येक छापखान्यांत जुने फॉन्ट चालतात.

भाच्याने पंधरा दिवस खपून त्या खिचडीतून एकेचाळीस गाणी सोडवली. जोडाक्षरे मोडली होती, रफार उडाले होते. उरलेल्या एकोणीस गाण्यांचा तुकडा सीडीवर वाचताच येत नव्हता. शेवटी त्याने विचारले, "मामू, बॅकअप कुठं आहे?" मी म्हटले, "रद्दीत."

मग मला आपा आठवली. माझी थोरली बहीण, भाच्याची आई. तिला कागद माहीत नाही, संगणक तर नाहीच. पण जात्याच्या दुसऱ्या खुंट्याला तिचा हात असायचा. तिच्यापुढे बसलो. आठवणीतून तिने बारा गाणी काढून दिली. सात गेली ती गेलीच.

श्रोते हो, त्या रात्री मला लीळाचरित्र आठवले. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गावोगाव फिरून गोळा केल्या. चौदाव्या शतकाच्या आरंभी, खिलजीच्या फौजांच्या धामधुमीत ती मूळ पोथी नाहीशी झाली. पण हिराइसा नावाच्या एका बाईला लीळा पाठ होत्या. तिच्यासारख्यांच्या पाठांतरातून तो ग्रंथ पुन्हा उभा राहिला. मराठीतला हा आद्य चरित्रग्रंथ आज आपल्या हाती आहे तो या दुसऱ्या प्रतीमुळे, आणि ती प्रत माणसांच्या डोक्यात होती.

याच महानुभाव पंथाने आपल्या पोथ्या सांभाळण्यासाठी सांकेतिक लिप्या योजल्या. सकळ लिपी, सुंदरी लिपी अशी त्यांची नावे. अक्षरांची अदलाबदल अशी की किल्ली माहीत असेल त्यालाच वाचता यावे. आज बँका आपला व्यवहार गुप्त ठेवतात त्याचे तत्त्व याच जातीचे. त्या लिपीने पोथ्या जपल्या, हे खरेच. पण किल्ली पंथाबाहेर गेली नाही, म्हणून बाहेरचा मराठी वाचक शेकडो वर्षे या गद्याला मुकला. विसाव्या शतकात इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्या लिपीचा उलगडा केला, आणि आपल्या यवतमाळात डॉ. य. खु. देशपांडे यांनी शारदाश्रमाच्या रूपाने अशा जुन्या पोथ्यांना घर दिले. म्हणजे किल्ली फार आत लपवली तर घरातली वस्तूही जगाला परकी होते.

आणि किल्ली उघड्यावर राहिली तर? त्यासाठी इतिहासात जायला नको. याच जिल्ह्यातले शेंदुरसनी घ्या. आर्णी तालुक्यातले गाव. आर्णी म्हटले की माझ्यासारख्याला कंबलपोश बाबांचा उरूस आठवायचा. २०२५च्या डिसेंबरपासून मात्र दुसरेच आठवते. शेंदुरसनीची लोकसंख्या दीड हजाराच्या आसपास. आणि जन्म-मृत्यू नोंदणीच्या सरकारी संगणकप्रणालीत, त्या ग्रामपंचायतीच्या नावावर, सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत जन्म नोंदले गेले सत्तावीस हजारांहून जास्त! दिवसाला सरासरी तीनशे. तीन महिन्यांत गावात पाळणे हलले असते तर त्या आवाजाने जिल्हा जागा झाला असता. गुन्हा दाखल झाला, विशेष तपास पथक नेमले गेले. दोषी कोण हे तपासातून आणि न्यायालयातून ठरेल, तो माझा विषय नाही. मला दिसते ते एवढेच, की कुलूप फोडावे लागले नाही. गावाच्या नावाचे खाते होते, ते उघडणारी किल्ली होती, आणि ती नको त्या हाताला लागली.

जुन्या काळी आमच्याकडे कोतवाल पंजी असे. कोतवाल गावातले जन्म-मृत्यू त्यात लिहून आणी. माझी जन्मनोंद तशाच एका पंजीत आहे. माझे नावसुद्धा नाही, नुसते वडिलांचे नाव आणि 'मुलगा'. त्या पंजीत चुका होत, तारखा मागेपुढे होत. पण एका रात्रीत तीनशे पोरे त्यात घालणे कुणालाच जमले नसते. शाई संपली असती, हात दुखला असता, आणि गावाने विचारले असते, "काहून गा कोतवाल, एवढे लेकरं कोनाचे?" कागदाचा हा मंदपणाच एक कुलूप होते. संगणकाने ते काढले. त्या जागी दुसरे कुलूप बसवायला हवे होते, त्याची आठवण आपल्याला चोरी झाल्यावर झाली.

यात खरा मार कुणाला बसतो? जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९चा. २०२३च्या दुरुस्तीनंतर, १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्यांसाठी शाळेच्या दाखल्यापासून सरकारी नोकरीपर्यंत जन्माचा दाखलाच पुरावा झाला आहे. तो इतका मोलाचा झाला म्हणूनच खोटा निघाला. पण सत्तावीस हजार खोटे निघाले की अठ्ठाविसाव्या खऱ्याकडेही संशयाने पाहिले जाते. तांड्यावर जन्मलेला मुलगा, ऊसतोडीला गेलेल्या बाईची लेक, किंवा ज्याच्या नावाचे स्पेलिंग तीन कागदांवर तीन प्रकारचे आहे असा माझ्या जमातीतला एखादा शेख, यांची नोंद उशिरा होते ती गरिबीमुळे आणि अडाणीपणामुळे. त्यांना आता खिडकीवर दुप्पट वेळा उभे राहावे लागेल. खोटी नोंद करणारा खऱ्याचा हक्क चोरतो, हे कुणी बोलत नाही.

संगणकाच्या धंद्याची एक मिजास मला खटकते. दर वर्षी नवे काढायचे, जुने टाकायचे. अटींची पंचवीस पाने इंग्रजीत द्यायची, खाली एकच बटण ठेवायचे 'मान्य आहे', आणि फसवणूक झाली की म्हणायचे, तुम्हीच तर दाबले होते! आणि आपली मिजास त्याहून वेगळी नाही. एका केंद्रावर मी टेबलाच्या काचेखाली पासवर्डची चिठ्ठी लावलेली पाहिली आहे, सगळ्यांना वाचता येईल अशी. तिथला मुलगा म्हणाला, "काका, साहेब येत नाहीत, लोक थांबत नाहीत, मी काय करू?" त्याचेही खोटे नव्हते. तुटपुंज्या मानधनावर, कराराने ठेवलेल्या पोराच्या हाती आपण अख्ख्या गावाची किल्ली देतो. आणि ती कशी सांभाळायची हे त्याला कुणी शिकवलेले नसते.

जिनिंगच्या वहीत आमचा एक नियम होता. खाडाखोड करायची नाही. आकडा चुकला तर त्यावर एक आडवी रेघ, वर नवा आकडा, बाजूला सही. चूकही दिसली पाहिजे आणि चूक करणाराही दिसला पाहिजे. दुसरा नियम, रोज संध्याकाळी रोकड दुसऱ्या माणसाने मोजायची. नव्या यंत्राला हे दोन जुने नियम शिकवले तरी पुष्कळ. दीड हजारांच्या गावात एका दिवसात तीनशे जन्म दिसले, तर त्याच संध्याकाळी कुणीतरी विचारले पाहिजे.

आपण घरी काय करावे? मी करतो ते सांगतो. जे गमावून चालणार नाही, त्याच्या तीन प्रती. एक घरात, एक घराबाहेर नातेवाइकाकडे, आणि एक हवी तर त्या ढगात. मराठी मजकूर युनिकोडमध्येच. वर्षातून एकदा, रमजान ईदच्या आधी घर झाडतो तेव्हा, सगळे उघडून बघतो. ठेवले म्हणजे जपले असे नाही. उघडून पाहिले म्हणजे जपले. फोनवर आलेला ओटीपी कुणालाही सांगत नाही, मग समोरचा स्वतःला बँकेचा साहेब म्हणो की पोलीस. आणि फसवणूक झालीच तर लाज न बाळगता लगेच १९३० हा क्रमांक लावायचा. पहिल्या काही तासांत कळवले तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता असते.

अम्मीची त्रेपन्न गाणी आता भाच्याने युनिकोडमध्ये नीट लावली आहेत. एक प्रत पुण्यात आहे, एक माझ्याकडे. मी ती हिशेबाच्या जाड वहीत हातानेही लिहून काढली. आणि आपाच्या नातीला त्यातली नऊ गाणी पाठ झाली आहेत. तिला मोबाइल माझ्यापेक्षा चांगला कळतो. तरी ती मला म्हणते, "नानू, गाणी पाठच करते. त्याला पासवर्ड लागत नाही."

श्रोते हो, किल्ली आपल्याच खिशात ठेवा. पण ती कुठे आहे, हे घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला सांगून ठेवा.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)