ड्युरियनची पहिली चव

तोक्योच्या एदोगावा वॉर्डातलं फुनाबोरी. हा वॉर्ड भारतीयांच्या मोठ्या वस्तीसाठी ओळखला जातो. बरका-कापा फणस खाल्लेल्या मराठी माणसाला इथे काटेरी ड्युरियन दिसला, की तो आपल्या फणसाचाच भाऊबंद वाटतो.

नातं मात्र काही नाही! फणस वड-उंबराच्या कुळातला, ड्युरियन भेंडी-सावरीच्या.

जपानात तो मुख्यतः थायलंडहून येतो. कापला की सडक्या कांद्याचा भपकारा नाकात शिरतो. ही करामत गंधकयुक्त संयुगांची. सिंगापूरच्या संशोधकांनी २०१७ साली ड्युरियनचा जनुकीय आराखडा मांडला, तेव्हा ही संयुगं घडवणाऱ्या जनुकाच्या जादा प्रती सापडल्या. त्याच सिंगापूरच्या मेट्रोत ड्युरियन न्यायला बंदी आहे.

गर मात्र मऊ, गोड, सायीसारखा. पहिला घास छोटाच घ्यावा आणि उरलेला गर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, नाहीतर फ्रिजमधल्या दुधालाही वास लागतो.