आकाशाची ओढ आणि जमिनीवरची चाकरी

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त युवकांपुढें केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या सप्ताहांत एक सायंकाळ युवकांसाठीं राखून ठेवावी व तींत मीं चार शब्द बोलावे, असें समितीनें ठरविलें, तेव्हां विषयाच्या शोधासाठीं मला कोठेंहि जावें लागलें नाहीं. एका तरुणाचें उत्तर माझ्याकडे थकलें आहे. त्याचा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाहीं, म्हणून त्याच्या अनुमतीनें तो मी आज चारचौघांत मांडतों. नांव मात्र सांगणार नाहीं. ज्यांना तें ठाऊक असेल त्यांनीं कृपा करून मागें वळून पाहूं नये.

हा तरुण आपल्याच धर्मग्रामांतला, यंत्रशास्त्राचा पदवीधर. लहानपणापासून त्याला एकच ध्यास : हवाई दलांत वैमानिक व्हावयाचें. जुनीं माणसें सांगतात कीं, तो वेदीवर सेवेकरी असतांना मिस्सा चालू असली तरी विमानाचा आवाज आला कीं त्याची मान आढ्याकडे वळे, आणि घंटा वाजवावयाची राहून जाई. गेल्या वर्षीं लेखी परीक्षा उत्तीर्ण होऊन तो निवड-मंडळापुढें गेला. मुलाखत झाली, गटांतलीं कामें झालीं, सर्व ठीक झालें. वैमानिकाची मात्र आणखी एक निराळी चाचणी असते. यंत्रापुढें बसवून हात, पाय व डोळे यांचा मेळ कितपत बसतो तें तींत पाहतात. आणि ही चाचणी उमेदवारास आयुष्यांत एकदांच देतां येते. तींत तो उतरला नाहीं. मंडळानें त्याची शिफारस केली ती जमिनीवरच्या तांत्रिक शाखेसाठीं.

परत आल्यावर तो माझ्या खोलींत येऊन बसला आणि म्हणाला, "फादर, दुसऱ्यानें उडवावयाचीं विमानें मीं पुसून ठेवावयाचीं, एवढ्यासाठीं का मी इतकीं वर्षें झटलों?" मीं म्हटलें, "बाळा, देवाची इच्छा." उत्तर खोटें नव्हतें, पण फुकटचें होतें, माझें त्यांत कांहींच खर्चीं पडलें नव्हतें. तो उठला आणि "बरें आहे, फादर" म्हणून निघून गेला.

त्याच आठवड्यांत त्याची आई आली. तिनें उपकारस्मरणाच्या मिस्सेसाठीं पाकीट पुढें केलें. कशाचें उपकारस्मरण, म्हणून विचारलें, तर म्हणाली, "पोरगा नापास झाला, फादर. आतां तो वर जात नाहीं." ती माउली येथेंच बसली आहे, आणि ही गोष्ट ती स्वतःच हसत हसत सर्वांना सांगते, म्हणून मी सांगण्याचें धाडस करतों. एकाच छपराखालीं मुलगा रडत होता व आई मेणबत्त्या लावीत होती! वेदीपुढें हेतु कोणता वाचावा हें मला कळेना. शेवटीं "एका कुटुंबाच्या हेतूस्तव" एवढेंच वाचलें.

आतां प्रथम मुलाच्या बाजूनें बोलतों. उडण्याची इच्छा म्हणजे गर्व, असें समजणारे कांहीं धार्मिक लोक असतात. मी त्यांतला नाहीं. पवित्र ख्रिस्तसभेनें वैमानिकांना स्वतंत्र आश्रयदात्री दिली आहे. २४ मार्च १९२० रोजीं परमगुरु पंधरावे बेनेडिक्ट यांनीं लोरेतोच्या पवित्र मातेला वैमानिकांची आश्रयदात्री म्हणून जाहीर केलें. लोरेतो हें इटलींतलें गांव. नाझरेथांतलें पवित्र मरियेचें घर देवदूतांनीं उचलून आकाशमार्गानें तेथें आणलें, अशी जुनी श्रद्धा आहे, व तिच्यावरूनच ही निवड झाली. पण मला या निवडीचें नेहमीं कौतुक वाटतें. उडणाऱ्यांच्या रक्षणासाठीं ख्रिस्तसभेनें पंख असलेला कोणी देवदूत नेमला नाहीं. जिच्या घरांत रोज पाणी भरलें जाई, पीठ मळलें जाई, आणि ज्या घरांत एक मुलगा सुताराच्या हाताखालीं कित्येक वर्षें कोणाच्या नजरेंत न येतां राहिला, त्या घरची गृहिणी नेमली.

लढाऊ विमान आणि ख्रिस्ती मन यांचा मेळ कसा, असेंहि कोणी विचारील. द्वितीय व्हॅटिकन विश्वसभेनें १९६५ सालीं सांगितलें आहे कीं, जे देशाच्या सैन्यांत नीट सेवा करतात त्यांनीं स्वतःला लोकांच्या सुरक्षिततेचे व स्वातंत्र्याचे सेवक समजावें. त्याच प्रकरणांत पुढें असेंहि सांगितलें आहे कीं, सरसकट सबंध शहराचा नाश करणारें युद्धकृत्य हा देवाविरुद्ध व मानवाविरुद्ध अपराध होय. वैमानिक होऊं इच्छिणाऱ्यानें दोन्ही वाचावें. एकच वाचून थांबणारे फार.

आतां "पुसून ठेवावयाचीं" या शब्दांकडे येतों, कारण मला टोंचला तो हाच शब्द. हवाई दलांतलें विमान उडण्यापूर्वीं तें सुस्थितींत आहे अशी सही जमिनीवरचा माणूस करतो. मग वैमानिक आपली सही करून तें ताब्यांत घेतो. म्हणजे कोणा दुसऱ्या आईचा मुलगा या सहीवर विश्वासून वर जातो. पुसणें कोठें आलें?

आणि सही तरी शिकलेल्याची. १९७१ च्या डिसेंबरांत कच्छमधील भूजच्या विमानतळावर शत्रूनें बाँब टाकून धांवपट्टी खणून काढल्यासारखी केली. विमानें होतीं, वैमानिक होते, पण वर जावयाला वाट नव्हती. विमानतळाचे प्रमुख होते नागपूरला जन्मलेले स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक. शेजारच्या माधापर गांवांतल्या सुमारें ३०० बायका कामावर आल्या, आणि ७२ तासांत त्यांनीं ती पट्टी उभी केली. वरून दिसूं नये म्हणून पट्टीवर शेण सारवलें, आणि भोंगा झाला कीं त्या झुडपांत लपत. विमान उडविणें तर दूरच. त्यांतल्या कित्येकींनीं पूर्वीं तें जवळून पाहिलेंहि नसेल. त्या शेणाच्या पाट्यांवांचून त्या दिवसांत भूजचें आकाश कोणाचें राहिलें असतें?

पण ज्या एका माणसाची आठवण मला या प्रश्नानें वारंवार होते, त्याची हकीकत जरा सविस्तर सांगतों. लेनर्ड चेशायर हा इंग्रज १९१७ सालीं जन्मला, ऑक्सफर्डला कायदा शिकला, आणि दुसऱ्या महायुद्धांत बाँबफेकी विमानांचा वैमानिक झाला. पंचविसाव्या वर्षींच त्याला ग्रुप कॅप्टनचा हुद्दा मिळाला. म्हणजे टेबलापाशीं बसून हुकूम सोडण्याचा मान आला. तो त्याला नकोसा झाला. हुद्दा एक पायरी खालीं आणून घेऊन तो पुन्हां उडावयास गेला. शंभर मोहिमा झाल्यावर १९४४ सालीं त्याला व्हिक्टोरिया क्रॉस देण्यांत आला.

हें शौर्य मोठें खरें. मला मात्र त्याच्या दोन लहान गोष्टी अधिक आवडतात. त्याच्या हाताखालच्या तळावरील लहानमोठ्या सर्व माणसांचीं, विमानें दुरुस्त करणाऱ्यांचींसुद्धां, नांवें तो पाठ करी. आणि दुसरी ही : ८ फेब्रुवारी १९४४ च्या रात्रीं फ्रान्समधील लिमोज येथल्या विमान-इंजिनांच्या कारखान्यावर हल्ला करावयाचा होता. कारखाना जर्मनांसाठीं चाले, पण आंत कामावर फ्रेंच बायका होत्या. चेशायरनें आपलें प्रचंड विमान अगदीं खालीं आणून छपरावरून एकदां, दोनदां, तीनदां नेलें, बाँब न टाकतां. बायकांनीं इशारा ओळखला व त्या बाहेर पळाल्या. मग चौथ्या खेपेस त्यानें निशाणीचे अग्निबाण टाकले. शत्रूला सावध करून स्वतःचा व सोबत्यांचा जीव त्यानें तीन वेळां धोक्यांत घातला. इतक्या वेगानें जाणाऱ्या माणसाला खालचीं माणसें दिसत होतीं.

९ ऑगस्ट १९४५ रोजीं नागासाकीवर अणुबाँब पडला, तेव्हां ब्रिटनचा निरीक्षक म्हणून तो दुसऱ्या विमानांत होता. त्या बाँबनें युद्ध लवकर संपलें व त्यामुळें पुष्कळांचे प्राण वाचले, हें मत त्यानें पुढेंहि सोडलें नाहीं. मला तें पटत नाहीं. नागासाकी हें जपानांतील कॅथलिकांचें मुख्य ठाणें. उराकामीचें कॅथेड्रल त्याच बाँबनें कोसळलें. थोर माणसाचें सर्वच कांहीं उचलावें असें नाहीं.

युद्ध संपल्यावर त्यानें निवृत्त सैनिकांची एक वसाहत काढली. ती मोडली, कर्ज झालें, आणि हॅम्पशायर परगण्यांतलें ले कोर्ट नांवाचें एक मोठें रिकामें घर तेवढें अंगावर राहिलें. १९४८ सालीं एका इस्पितळानें त्याला कळविलें कीं, वसाहतींतला आर्थर डाइक्स हा कर्करोगानें मरणाच्या दारांत आहे व त्याला जावयास जागा नाहीं. चेशायरनें इकडे तिकडे विचारून पाहिलें. कोणीं घेईना, तेव्हां त्यानें त्याला आपल्याच घरीं आणलें. परिचारिका ठेवावयास पैसा नव्हता. सैन्याचें सर्वोच्च पदक छातीवर मिरविणारा हा माणूस त्या रोग्याचें अंथरूण बदली, त्याला धुई-पुशी, मलपात्र उचली. डाइक्स कॅथलिक होता. ऑगस्टांत तो वारला. आणि त्याच वर्षीं नाताळच्या आदल्या दिवशीं चेशायर कॅथलिक ख्रिस्तसभेंत आला. एका रोग्याच्या मागून दुसरा, दुसऱ्याच्या मागून तिसरा, असें तें घर भरत गेलें, आणि १९९२ सालीं तो वारला तोंपर्यंत अशीं घरें सुमारें पन्नास देशांत झालीं होतीं. भारतांतलें पहिलें घर आपल्या अंधेरीस, महाकाली गुंफांच्या वाटेवर. आपल्यांतल्या पुष्कळांनीं तें पाहिलें असेल. १९५९ सालीं त्याचा विवाह झाला तोहि मुंबईच्या कॅथेड्रलांत.

मित्रांनो, येथें एक घोंटाळा होऊं देऊं नका. चेशायरनें आकाश टाकून जमीन धरली म्हणून तो पवित्र झाला, असें मी म्हणत नाहीं. हुद्दा टाकून तो वर गेला तेव्हां वरच त्याची गरज होती, आणि इस्पितळाचा निरोप आला तेव्हां गरज खालीं होती. दोन्ही वेळां तो हांक जेथून आली तेथें गेला. पेत्राला डोंगरावर प्रभूचें रूप पालटलेलें दिसलें तेव्हां तेथेंच तीन मंडप घालून राहावें असें त्याला वाटलें. पण प्रभु त्यांना घेऊन खालीं उतरला. आणि पायथ्याशीं आजारी मुलाला घेऊन एक बाप वाट पाहत उभा होता. डोंगर खोटा नव्हता. तेथें राहतां येत नव्हतें, एवढेंच.

हें मी मोठ्या तोऱ्यानें सांगतों आहें असें समजूं नका. सेमिनरींत असतांना मला रोमला जाऊन उच्च अभ्यास करावयाचा होता. माझ्या वर्गांतला दुसरा गेला. मला गळक्या छपराच्या एका खेड्यांतल्या देवळांत पाठविण्यांत आलें. पहिलीं दोन वर्षें मीं तेथें मिस्सा केली, प्रवचनें केलीं, आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर दिलें, सर्व कांहीं केलें. पण रुसून केलें. लोकांना तें कळत होतें. एक म्हातारा एकदां म्हणाला, "फादर, तुम्ही येथें अजून आलां नाहींत." तें वाक्य मला रोमच्या पदवीहून महाग पडलें.

म्हणून त्या तरुणाला माझें उशिराचें उत्तर असें. तुझ्या मनांतली ओढ खोटी नाहीं. तिच्यावर हंसणाऱ्याकडे लक्ष देऊं नकोस. वर जाणें आतां तुझ्या हातीं नाहीं; जमिनीवरच्या त्या सहीसाठीं मात्र तुला बोलावणें आलें आहे. जावयाचें असेल तर उडतां आलें नाहीं म्हणून मिळालेलें बक्षीस समजून जाऊं नकोस, कारण रुसलेल्या माणसाच्या सहीवर कोणाच्या मुलानें वर जाऊं नये. तसें जातां येत नसेल, तर येथें बापाची वाडी आहे, बापाचे गुडघे दुखतात, आणि तेंहि काम आहे. मात्र "आईच्या भीतीनें राहिलों" असें पुढें कधीं म्हणूं नकोस, आणि आईनेंहि तुला तसें म्हणण्याची पाळी आणूं नये. तिला मी हें निराळेंहि सांगितलें आहे.

होय कीं नाहीं तें कळविण्यास त्याच्यापाशीं थोडेच दिवस उरले आहेत. त्यानें काय ठरविलें तें मीं विचारलें नाहीं. येत्या शनिवारची सकाळची मिस्सा मीं त्याच्यासाठीं ठेवली आहे. पाकीट नको. हेतु कोणता वाचावयाचा, तेवढें या खेपेस त्यानें स्वतःच्या हातानें चिठीवर लिहून शुक्रवारीं सायंकाळपर्यंत माझ्याकडे द्यावें.