ढगांआडचा डोंगर



पारगावच्या शिवाराला पाणी देणारी घोड नदी सह्याद्रीच्या ज्या डोंगररांगांतून येते, त्याच रांगांच्या कुशीत, आपल्याच आंबेगाव तालुक्यात माळीण गाव वसले होते. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी मुसळधार पावसात डोंगराचा उतार खचला आणि दीडशेहून अधिक माणसे मातीखाली गाडली गेली. गाव जागेवर नाही, हे प्रथम ध्यानी आले ते एस.टी.च्या चालकाच्या!

आकाशात उपग्रह असताना हे का दिसले नाही, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. सूर्यप्रकाशावर विसंबणारा कॅमेरा पावसाळी ढगांपुढे आंधळा होतो. रडारचे तसे नाही. तो स्वतःच सूक्ष्मलहरी सोडतो आणि जमिनीवरून परतणाऱ्या लहरी टिपतो. त्याला रात्र अडवीत नाही, ढगही अडवीत नाहीत. त्याच कक्षेतून पुन्हा जाताना घेतलेली नोंद पहिलीशी ताडली, की जमीन काही सेंटिमीटर सरकली असली तरी कळते. हवेतील बाष्पामुळे लहरींना किंचित विलंब होतो. मोजणीतला हा अडथळाच वातावरणाच्या अभ्यासकांना बाष्पाचे मान सांगतो.

माळीणच्या दुर्घटनेला बरोबर अकरा वर्षे झाली त्या दिवशी, ३० जुलै २०२५ रोजी, श्रीहरिकोट्याहून ‘निसार’ अवकाशात झेपावला. त्यावरील एस-बँड रडार ‘इस्रो’चा, तर एल-बँड रडार ‘नासा’चा. बारा मीटर व्यासाच्या अँटेनाच्या साह्याने तो दर बारा दिवसांनी तोच भूभाग पुन्हा न्याहाळतो. एल-बँडची सुमारे चोवीस सेंटिमीटरची लहर झाडोऱ्यातूनही बरीच आत जाते. वनाच्छादित सह्याद्रीसाठी हे मोलाचे आहे.

परंतु रडार म्हणजे भविष्यवाणी नव्हे. महिनोन्‌महिने हळूहळू सरकणारा उतार तो दाखवील. एका रात्रीच्या पावसाने अकस्मात कोसळणारा कडा मात्र बारा दिवसांच्या दोन फेऱ्यांमध्ये निसटू शकतो. म्हणून त्याला पर्जन्यमापकाची, भूवैज्ञानिकाची आणि गावकऱ्याच्या डोळ्यांची जोड हवी. जमिनीला पडलेली भेग, कललेले झाड, एकाएकी गढूळ झालेला झरा या खुणा डोंगरातला माणूसच प्रथम पाहतो.

माळीणनंतर २०२१ मध्ये तळिये आणि २०२३ मध्ये इर्शाळवाडी दरडीखाली गेली. अवकाशातून आलेली माहिती संगणकातच राहिली, तर ती व्यर्थ होय. ती तहसील कचेरीतून ग्रामपंचायतीपर्यंत पाऊस पडण्यापूर्वी पोहोचली, तरच त्या विज्ञानाचे सार्थक होईल.