ठिपके आधी, रेघ नंतर
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आत्ता माझी ओळख करून देताना सांगितलं गेलं, "हिने एका लघुग्रहाला तारा झाकताना पाहिलंय." तुम्ही टाळ्याही वाजवल्या. त्या टाळ्या मी घेऊ शकत नाही. मी ते पाहिलेलं नाही.

चूक सूत्रसंचालन करणाऱ्या मैत्रिणीची नाही, माझी आहे. १२ डिसेंबर २०२३ ला सकाळी पावणेसातच्या पुढे, तुमच्यापैकी बरेच जण पहिला चहा घेत असताना, मी आपल्या वर्गाच्या ग्रुपवर मेसेज टाकला होता : "दिसलं! काक्षी मंदावला!" त्रेचाळीस जणांनी अभिनंदन केलं. माझ्या आईने तो मेसेज अख्ख्या सोसायटीला वाचून दाखवला. आणि आज पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्या विज्ञानाच्या सरांचं उत्तर आलं : "शाब्बास. आलेख पाठव." मी लिहिलं, "हो सर, पाठवते." तो आलेख मी आजतागायत पाठवलेला नाही. का पाठवला नाही, तेच सांगायला आज उभी आहे.

आधी त्या रात्री आकाशात काय घडणार होतं ते सांगते.

मृग नक्षत्र आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मधले तीन तारे म्हणजे बाण आणि भोवतालचे चार म्हणजे हरणाचे पाय. त्या चारांतला तांबूस तारा म्हणजे काक्षी. तो आपल्यापासून पाचशेहून अधिक प्रकाशवर्षं दूर आहे. इतका अवाढव्य, की सूर्यानंतर ज्याचा व्यास प्रत्यक्ष मोजला गेला असा तो पहिला तारा. अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत मायकेलसन आणि पीज यांनी १९२० साली ते मोजमाप केलं.

दुसरं पात्र अगदी सामान्य. लिओना नावाचा लघुग्रह, क्रमांक ३१९. ऑगुस्त शार्ल्वा यांनी १८९१ साली फ्रान्समधल्या नीस इथून शोधलेला. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान फिरणाऱ्या असंख्य दगडांपैकी एक, साधारण ८० किलोमीटर लांब आणि ५५ किलोमीटर रुंद. नुसत्या डोळ्यांना तो कधीच दिसत नाही. पण त्या रात्री तो पृथ्वी आणि काक्षी यांच्या बरोबर मधून जाणार होता. याला पिधान म्हणतात. ग्रहणासारखंच, फक्त सूर्याच्या जागी दूरचा तारा आणि चंद्राच्या जागी एक दगड.

दगड झाकणार असला तरी सावली पडतेच. ताऱ्याच्या प्रकाशातली लिओनाची सावली तुर्कस्तान, ग्रीस, इटली, स्पेन, पोर्तुगाल असा अरुंद पट्टा कापत अटलांटिक ओलांडून फ्लोरिडा आणि मेक्सिकोकडे जाणार होती. कुठल्याही एका ठिकाणी सगळा खेळ काही सेकंदांचा. मंद ताऱ्यांची पिधानं नेहमी होत असतात. काक्षीसारख्या ठळक ताऱ्याचं पिधान मात्र फार दुर्मिळ.

आणि इथे तारा फट्‌कन विझणार नव्हता. एरवी तारा म्हणजे टिंब, त्यामुळे दिवा घालवल्यासारखा तो एका क्षणात जातो. काक्षी इतका मोठा आहे, की इथून पाहताना त्याची तबकडी आणि लिओना जवळपास सारख्याच आकाराचे दिसतात. म्हणजे दगड हळूहळू तबकडीवर सरकणार, तारा मंद होत जाणार आणि पुन्हा उजळणार. त्या मंदावण्याच्या नोंदीवरून ताऱ्याच्या पृष्ठभागावरचे उजळ-काळसर भाग शोधता येतील, अशी शास्त्रज्ञांना आशा होती.

मी म्युनिकला राहते. ऑफिसमधून दोन दिवस रजा काढली, मालागाला विमानाने गेले आणि दक्षिण स्पेनमधल्या एका गावाबाहेर हौशी निरीक्षकांच्या गटात सामील झाले. गटाचं काम पाहणाऱ्या बाई निवृत्त गणित शिक्षिका होत्या. त्यांनी नकाशा पसरला आणि सावलीच्या वाटेला आडवी अशी ठाण्यांची रांग आखली, काही काही किलोमीटरवर एक. मला वाटलं, इतक्या लांबून आले आहे तर मधलं ठाणं मिळेल. त्यांनी माझं बोट रांगेच्या शेवटच्या टिंबावर ठेवलं. "इथे बहुधा काहीच दिसणार नाही. पण इथे कुणीतरी हवं."

खरं सांगते, मला राग आला.

त्यांनी शांतपणे समजावलं. एका निरीक्षकाला फक्त एक रेघ मिळते. तारा किती सेकंद झाकला गेला, गुणिले सावलीचा वेग, म्हणजे दगडाची त्या जागची रुंदी. एका ठाण्यावर दहा सेकंद, दुसऱ्यावर सहा, तिसऱ्यावर शून्य. या रेघा एकाखाली एक मांडल्या की दगडाचा आकार उमटतो. आणि आकार कुठे संपला हे फक्त शून्यवालाच सांगू शकतो. त्यात काक्षीची अडचण वेगळी. आजकाल ताऱ्यांच्या अचूक जागा युरोपच्या गाया या उपग्रहामुळे कळतात. पण काक्षी इतका तेजस्वी आहे की गायाला तो मोजताच आला नाही. म्हणून सावलीची कड नेमकी कुठून जाईल याची खात्री नव्हती.

त्यांनी आणखी एक उदाहरण दिलं. न्यू होरायझन्स यान प्लुटोच्या पलीकडे ज्या अरोकोथकडे निघालं होतं, त्याचं पिधान टिपायला ३ जून २०१७ ला दक्षिण आफ्रिका आणि अर्जेंटिनात दुर्बिणी लावल्या होत्या. एकीलाही तारा लपलेला दिसला नाही. त्या कोऱ्या नोंदींवरूनच कळलं की तो दगड वाटला होता त्यापेक्षा लहान असावा. मग १७ जुलैला अर्जेंटिनात चोवीस दुर्बिणी जवळजवळ लावल्या, आणि पाचांना तारा लपलेला सापडला. त्या पाच रेघांवरून लोकांनी अंदाज बांधला की हे दोन गोळे चिकटलेले असावेत. २०१९ च्या १ जानेवारीला यान जवळून गेलं तेव्हा फोटोत तसेच दोन गोळे दिसले.

मला पटलं. निदान तसं वाटलं.

रात्री सव्वादोनच्या सुमारास कॅमेरा चालू होता. भिंगाच्या टप्प्यात काक्षी होता आणि मृगाचा शेजारचा पाय, बेलाट्रिक्स हा ताराही होता. आकाशात पातळ, पांढुरके ढग सरकत होते. थंडीने बोटं बधिर झालेली. ठरलेली वेळ आली आणि काक्षी मंद झाला. मला अगदी स्पष्ट वाटलं. मी ओरडले आणि त्याच बधिर बोटांनी तुम्हाला मेसेज केला.

सकाळी हॉटेलवर व्हिडिओतल्या प्रत्येक फ्रेममधली काक्षीची तेजस्विता मोजणारा छोटासा प्रोग्राम चालवला. ठरलेल्या वेळेला सुरेख खळगा! मग बेलाट्रिक्सचा आलेख काढला. त्यातही तसाच खळगा, दोन-तीन सेकंद आधी. ढगाचा एक पट्टा आधी बेलाट्रिक्सवरून आणि मग काक्षीवरून गेला होता. दहा मिनिटांच्या चित्रणात असे अकरा खळगे होते. मी फक्त मला हवा तो पाहिला होता.

पुढचं सांगायला जास्त जड जातं. काक्षीला बेलाट्रिक्सने भागलं, की ढगांचा परिणाम बराचसा निघून जातो. उरलेली रेघ जवळपास सपाट होती. मग मी सरासरी घ्यायच्या फ्रेमची संख्या बदलली. पाच, पंधरा, पंचवीस. चाळीसवर त्या जागी एक उथळ खळगा दिसू लागला. खोटा म्हणता येणार नाही, पण खराही नाही. वीस वर्षं मी हेच काम करते. कुठला आकडा फिरवला की चित्र कसं दिसेल, हे माझ्या हाताला माहीत आहे.

तेव्हा मला आपली प्रयोगशाळा आठवली. ओहमच्या नियमाचा प्रयोग. बॅटरी उतरलेली, अ‍ॅमीटरचा काटा हलत नव्हता, आणि घंटा व्हायला दहा मिनिटं. मी आलेखाच्या कागदावर आधी पट्टीने सरळ रेघ मारली आणि मग तिच्यावर पाच ठिपके ठेवले. सरांनी वही पाहिली. ओरडले नाहीत. फक्त विचारलं, "ठिपके आधी की रेघ आधी?" मी गप्प. त्यांनी लाल पेनने खाली लिहिलं : ठिपके आधी, रेघ नंतर. आणि उतरलेल्या बॅटरीची खरी वाचनं घ्यायला लावली. पाचही ठिपके वेडेवाकडे आले. त्या वेड्यावाकड्या आलेखाला मला दहापैकी सात गुण मिळाले होते.

हॉटेलच्या त्या खोलीत मी फ्रेमची संख्या परत पाचवर आणली आणि नोंद पाठवली : "पातळ ढग. काक्षीमध्ये वेगळा मंदपणा आढळला नाही." बाईंचं उत्तर आलं, की ढगांमुळे या नोंदीला वजन कमी आहे, पण ती यादीत राहील. मधल्या ठाण्यांवर आकाश बरं होतं, त्यांच्या आलेखांत काक्षीचं मंदावणं नीट आलं होतं. त्यांच्या रेघांच्या शेवटी माझं शून्य बसलं.

अनोळखी माणसांना मी खरं कळवलं. तुम्हाला मात्र कळवलं नाही. त्रेचाळीस अभिनंदनं परत करायची हिंमत झाली नाही. आधी वाटलं, उद्या लिहू. मग वाटलं, आता कशाला उकरायचं. दोन वर्षांहून जास्त काळ गेला. या मेळाव्याचं निमंत्रण देताना "तुझा तो तारा सांग हं" असं म्हटलं गेलं, तेव्हा कळलं की आता एक तर खोटं बोलावं लागेल किंवा आज हे.

मेळाव्याची जुळवाजुळव चालली होती तेव्हा एका मैत्रिणीला फोन केला होता. ती म्हणाली, "माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही गं, येऊन काय करू?" मी तेव्हा नुसतं "ये गं" म्हटलं. आज ती आलेली आहे, म्हणून तिला सांगते : त्या रात्री माझ्याकडेही सांगण्यासारखं काही नव्हतं, तरी माझ्यावाचून रांग अपुरी राहिली असती. मग दुपारी जेवताना शेजारी बस आणि तीस वर्षांचं सगळं सांग.

ज्यांना हे करून पाहावंसं वाटेल त्यांच्यासाठी एवढंच : मंद ताऱ्यांची पिधानं महाराष्ट्रातूनही दिसतात. एक बरी दुर्बीण, कॅमेरा आणि अचूक घड्याळ लागतं. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे, तिथे विचारा. आणि तुम्हाला कडेचं ठाणं मिळालं तर माझ्यासारखं रागावू नका.

सर, आलेख छापून आणला आहे. पाच फ्रेमचाच. काक्षी वर, बेलाट्रिक्स खाली, अकराही खळगे आहेत. ठिपके आधी काढलेत. रेघ मारलेली नाही.