नवे यंत्र आणि पहिला आरोपी



कामगार चळवळीतल्या माणसाने अशा व्याख्यानमालेत बोनस, महागाई नाही तर संप यांवर बोलावे, अशी लोकांची अपेक्षा असते. मी मात्र 'नवा संगणक चालू होत नाही तेव्हा' हा विषय घेऊन उभा आहे. काहींना यात विसंगती वाटेल. १९६० नंतरच्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येऊ लागला, तेव्हा कलकत्त्याच्या इलाको हाऊसपाशी विमा कर्मचाऱ्यांनी त्याला अडवून धरले होते. हा इतिहास मी नाकारीत नाही. ज्यांच्या नोकरीवर ते यंत्र चालून येत होते, त्यांना भीती वाटणे स्वाभाविकच होते. पण आज तेच यंत्र जुळवण्यावर कितीतरी पोरांचे पोट चालते, आणि तंटेही त्याच टेबलावर उभे राहतात. त्यातला एक आपल्यापुढे मांडतो.

गेल्या वर्षी एका दुकानात काम करणारा एक मुलगा माझ्याकडे पत्र घेऊन आला. त्याने गिऱ्हाइकासाठी एक नवा संगणक जुळवला होता. बटण दाबले की पंखे फिरत, दिवे लागत, पण पडदा काळाच. मालकांनी पत्रात लिहिले होते की, तुझ्या निष्काळजीपणाने मदरबोर्ड जळाला, सबब त्याची किंमत पगारातून हप्त्याहप्त्याने कापली जाईल. आता १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात काय किंवा नंतरच्या २०१९ च्या वेतन संहितेत काय, नुकसानीपोटी पगार कापायचा तर आधी त्या माणसाला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. तेवढ्या मुद्द्यावर मला कापणी थांबवता आली असती. पण मुलगा म्हणाला, "काका, पैसे वाचतील हो, पण बोर्ड मीच जाळला असं सगळे म्हणत राहतील." तेव्हा मी मालकांना म्हटले, आधी यंत्राची चौकशी करू, मग माणसाची.

आरोप अगदीच अशक्य होता असे नाही. कोरड्या हवेत आपल्या अंगावर स्थिर वीज साठते आणि तिचा एक झटका नाजूक भागाला मारू शकतो. म्हणून आतल्या भागांना हात लावण्यापूर्वी बाहेरची वीज तोडावी आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. मुलगा तसे करीत होता. मात्र 'होऊ शकते' आणि 'झाले' यांत अंतर आहे, आणि ते अंतर कोणी तपासलेच नव्हते.

बटण दाबल्यावर यंत्र आधी स्वतःचीच तपासणी करते. प्रोसेसर आहे का, रॅम म्हणजे तात्पुरती स्मृती उत्तर देते का, चित्र दाखवणारा भाग जागेवर आहे का, शेवटी ज्यावरून काम सुरू करायचे ती डिस्क सापडते का. १९८१ साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर निघाला, तो ही तपासणी पार पडली की एकदा 'टुक' असा आवाज करी. आजच्या बऱ्याच यंत्रांत तो छोटा कर्णा नसतोच. त्याऐवजी अनेक मदरबोर्डांच्या कडेला चार बारीक दिवे असतात. जिथे अडले तिथला दिवा पेटता राहतो. साक्षीदार बोर्डावरच बसलेला होता, पण कॅबिनेटचे झाकण लावून चाचणी चालल्यामुळे त्याची साक्ष कोणी घेतली नव्हती!

आम्ही झाकण काढले आणि बाहेरून आत निघालो. भिंतीतली वीज ठीक. एसएमपीएसच्या पाठीमागचे बटण चालू. (हा डबा स्वतः कधीही उघडू नये, वीज काढल्यावरही त्यात भार उरतो.) पडद्याची केबल कुठे लावली आहे? यंत्रात वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्यालाच लावायची. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या क्रमांकाला 'एफ' अक्षर असते त्यात चित्राचा भागच नसतो. तिथे केबल मदरबोर्डाला लावली तर जन्मभर काळा पडदा. इथे ती बरोबर होती. मग वीज तोडून मुख्य चोवीस पिनांचा जोड आणि प्रोसेसरजवळचा आठ पिनांचा जोड दाबून पाहिला. हा दुसरा जोड विसरला तरी पंखे फिरतात, आणि पंखे फिरतात म्हणून वीज सगळीकडे पोचली, असे माणूस धरून चालतो. तोही घट्ट होता.

पुन्हा बटण दाबले. दिवा स्मृतीपाशी येऊन थांबला.

रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. चार खाचा असल्या तर दोन पट्ट्या बहुधा प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवतात. त्या तशाच होत्या. दाबल्यावर एका पट्टीने 'कट्' असा आवाज केला. म्हणजे ती पुरती बसली नव्हती. तेवढी चूक मुलाची, आणि ती त्याने तिथल्या तिथे कबूल केली. तरीही पडदा काळाच. मालक म्हणाले, "पाहिलंत? बोर्डच गेला आहे."

मी इंग्रजी शिकलो ते कोशाच्या आधाराने, कामगार कायदे वाचता वाचता. त्याच सवयीने मदरबोर्डाची पुस्तिका उघडली. २०२१ च्या अखेरीपासून घरगुती यंत्रांत डीडीआर५ जातीची स्मृती येऊ लागली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक संगणक कामाला लागला, त्याच्या स्मृतीत चाळीस बिटांचे २०४८ शब्द मावत. आजच्या एका पट्टीत सोळा अब्ज अक्षरे सहज राहतात, आणि डीडीआर५ च्या अगदी साध्या पट्टीतही प्रत्येक तारेवरून सेकंदाला ४८० कोटी वेळा देवघेव होते. या वेगात कोणत्या तारेवरचा संदेश नेमक्या कोणत्या क्षणी वाचायचा, हे बोर्डाला पहिल्या वेळी स्वतः अजमावून ठरवावे लागते. त्याला काही मिनिटे लागतात आणि तोवर पडदा काळाच राहतो. पुस्तिकेत हे स्पष्ट छापलेले होते.

मी विचारले, "बटण दाबल्यावर तुम्ही किती वेळ वाट पाहता?" मुलगा म्हणाला, "एखादं मिनिट. मग बंद करतो." आणि नंतर? नंतर दुकानातले वडील कारागीर बोर्डावरचा नाण्याएवढा सेल काढून सगळे पूर्ववत करीत. म्हणजे यंत्र शिकायला बसले की यांनी पाटी हिसकावायची, वर तीवर लिहिलेले थोडेबहुत पुसायचे, आणि संध्याकाळी म्हणायचे, पोर मठ्ठ आहे! दोन दिवसांत हे किती वेळा झाले, याची गणती कोणी ठेवली नव्हती.

सेल जागेवर होता. बटण दाबले आणि मी सगळ्यांना टेबलापासून दूर, बाहेरच्या बाकावर बसवले. मालकांना करमेना, दोनदा उठले, दोनदा मी बसवले. चहा आला. पेले अर्धे झाले असतील, आतून मुलगा ओरडला, "काका, पडदा आला!" कंपनीचे चिन्ह, खाली दोन्ही पट्ट्यांची बेरीज बरोबर. यंत्र एकदा बंद करून पुन्हा लावले, तर या वेळी काही सेकंदांत उठले, कारण शिकलेले आता त्याच्यापाशी जपलेले होते.

मालकांनी पत्र मागे घेतले, पण तोंडी. मी म्हटले, आरोप लेखी होता, माघारही लेखी हवी. कुरकुरत का होईना, त्यांनी चार ओळी लिहून दिल्या. पुस्तिकेतल्या त्या पानाचे मराठी मी आणि त्या मुलाने मिळून केले. ते आता दुकानात टेबलासमोर चिकटवले आहे. आपल्यापैकी कोणाच्या घरी नवे यंत्र काळा पडदा घेऊन बसले असेल, तर अध्यक्षांच्या परवानगीने मी नंतर दाराशी थांबेन. येताना एवढे पाहून या, की चार दिव्यांपैकी कोणता पेटता आहे.